चौथा बिंदू

भाचीच्या वहीत एका उत्तरावर लाल पेनाची फुली होती. प्रश्न नेहमीचाच. घनाची आकृती, खालच्या चौरसाच्या कोपऱ्यांना अ, ब, क, ड ही नावं आणि त्यांच्या बरोब्बर वर य, र, ल, व. विचारलं होतं: अ, ब, क आणि ल हे चार बिंदू एकप्रतलीय, म्हणजे एकाच सपाट पातळीत, आहेत का? कारण द्या. तिने लिहिलं होतं, ‘हो. कारण चारही बिंदू याच पानावर आहेत आणि पान सपाट आहे.’ फुलीशेजारी ‘नाही’ एवढाच शब्द. वही माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, “मावशी, यात चुकीचं काय आहे ते सांग.” आवाजात रडवेपणा नव्हता, राग होता. गुण गेल्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. आपण समोर दिसतं ते लिहिलं आणि तरी ते खोटं ठरलं, हे तिच्या पचनी पडत नव्हतं.

ती फुली माझ्या डोक्यातून जाईना. कारण तिचं वाक्य खरं होतं. शाईचे ते चार ठिपके एकाच पानावर होते आणि पान सपाट होतं. चार बिंदू एका प्रतलात आहेत की नाहीत हा प्रश्न आपण मुलांना नेमक्या अशा जागी विचारतो, जिथे डोळ्यांना कायम ‘हो’च दिसणार. उत्तर द्यायचं तर आधी कागद विसरावा लागतो, शाई विसरावी लागते, आणि जे तिथे नाही ते पाहावं लागतं. हे पाहणं आपण कधी शिकलो, कुणी शिकवलं, हे मोठ्यांपैकी कुणालाच आठवत नाही. म्हणून ते सोपं वाटतं.

घन काढायची रीत आठवून पाहा. आधी एक चौरस. मग तसाच दुसरा, थोडा वर आणि थोडा उजवीकडे सरकवलेला. कोपऱ्याला कोपरा जोडायचा आणि मागे लपणाऱ्या तीन कडा तुटक रेघांनी दाखवायच्या. ‘तुटक म्हणजे मागे’ हा करार आहे, आणि तो एकदा अंगवळणी पडला की त्या रेघेकडे नुसती तुटक रेघ म्हणून पुन्हा पाहताच येत नाही. अक्षरओळख झालेल्या माणसाला छापील शब्द न वाचता नुसता पाहता येत नाही, तसंच हे. फरक इतकाच, की अक्षरं शिकवायला आपण वर्षं देतो आणि हे वाचन मुलांना आपोआप येईल असं धरून चालतो. काही मुलांना येतंही. बाकीची मुलं वर्षभर सपाट कागदावर सपाट उत्तरं शोधत राहतात आणि आपल्याला भूमिती जमत नाही असं ठरवून टाकतात.

तिची वही मागे चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. प्रतल म्हणून तिने सगळीकडे तिरपा समांतरभुज चौकोन काढला होता, कोपऱ्यात एक अक्षर. सगळी पुस्तकं तसाच काढतात. एका आकृतीत असे दोन चौकोन वेगवेगळ्या बाजूंना कललेले होते, मध्ये बोटभर मोकळी जागा. खाली तिने लिहिलं होतं, ‘ही प्रतले एकमेकांना छेदत नाहीत.’ चित्रात छेदत नव्हतीच. पण प्रतलाला कडा नसते. चारी बाजूंनी ते जातच राहतं. चौकोनाची कडा आपण काढतो, कारण हाताला कुठेतरी थांबावं लागतं.

कागदावर प्रतल काढता येत नाही, त्याचा एक तुकडा काढता येतो.

बिंदूचीही तीच गत. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास ‘मूलतत्त्वे’ लिहिली, तिची सुरुवातच ‘ज्याला भाग नाही तो बिंदू’ अशी आहे. मी भिंग आणलं आणि तिला तिचाच पेन्सिलचा ठिपका दाखवला. भिंगाखाली तो ठिपका राहत नाही. कागदाचे धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात, त्यांच्या उंचवट्यांवर काळी चमकदार भुकटी बसलेली असते, खाचांत पांढरं तसंच राहिलेलं असतं. कडा तर कुठेच सापडत नाही, ठिपका हळूहळू विरळ होत संपतो. त्यात हजारो बिंदू दाखवता येतील. ती बराच वेळ भिंग पुढेमागे करत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आम्ही काढतो तो बिंदू नाहीच.” नाहीच. तो बिंदूची जागा सांगणारी खूण आहे. हे कळल्यावर ती खूश होईल असं मला वाटलं होतं, पण तिचा चेहरा पडला. आतापर्यंत हातात असलेलं काहीतरी काढून घेतल्यासारखा. मला त्या पडलेल्या चेहऱ्याबद्दल आदर वाटतो. बिंदू दिसत नाही, रेषेला रुंदी नाही, प्रतलाला जाडी नाही, हे एका दमात ऐकून घेणारी मुलं बहुतेकदा ऐकत नसतात.

युक्लिडने प्रतलाचीही व्याख्या केली आहे: आपल्यावरच्या सरळ रेषांशी सारखं पडून असलेलं पृष्ठ. वाक्य कितीही वेळा वाचलं तरी त्यातून प्रतल ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते कळतं. पुढे अकराव्या खंडात, घनाकृतींकडे वळताना, त्याने दोन प्रतलं परस्परांना रेषेतच छेदतात वगैरे गोष्टी सिद्ध करायचा प्रयत्न केला. त्या सिद्धतांमधल्या फटी नंतरच्या गणितज्ञांना दिसत राहिल्या. १८९९मध्ये डेव्हिड हिल्बर्टने भूमितीच्या पायाची नव्याने मांडणी केली, तेव्हा त्याने वेगळाच रस्ता धरला. बिंदू, रेषा, प्रतल म्हणजे काय हे सांगायचंच नाही. ते एकमेकांशी कसे वागतात तेवढं सांगायचं. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं. रेषेवरचे दोन बिंदू प्रतलात असले तर सगळी रेषा त्यात असते. दोन प्रतलांत एक बिंदू सामाईक असला तर आणखी किमान एक असतोच. ही गृहीतकं. मुलांच्या पुस्तकात चौकटीत छापलेली असतात ती यांचीच भावंडं, पण इतकी गुपचूप येतात की त्यांच्यावर सगळा डोलारा उभा आहे याचा पत्ता लागत नाही.

मला ही रीत मुलांसाठीही बरी वाटते. ‘प्रतल म्हणजे काय’ याचं उत्तर घोकण्यापेक्षा प्रतल काय करू देतं आणि काय करू देत नाही, हे हाताने बघता येतं. आमच्यापुढे दारच होतं. दाराच्या दोन बिजागऱ्या म्हणजे दोन बिंदू, त्यांतून जाणारी एक रेषा. त्या रेषेभोवती दार फिरतं आणि प्रत्येक स्थितीत ते वेगळं प्रतल असतं. एका रेषेतून अगणित प्रतलं जातात हे वाक्य तिने पाठ केलेलं होतं. दार हळूहळू ढकलताना ते तिला पहिल्यांदा घडताना दिसलं. मग कडी लावली. कडीचा बिंदू बिजागऱ्यांच्या रेषेवर नाही, आणि तो तिसरा बिंदू येताच दार हलायचं थांबलं. “आणि कडी बिजागरीच्या रेषेवरच बसवली तर?” तिने विचारलं. मग दार फिरतच राहील. ‘नैकरेषीय’, म्हणजे एका रेषेत नसलेले, हा अवघड शब्द गृहीतकात का घुसवलेला असतो, ते तिने स्वतःच शोधून काढलं होतं.

तीन बिंदूंचं हे असं आहे. ते कुठेही ठेवा, त्यांचं एक प्रतल निघतंच. म्हणून तीन पायांचा कॅमेऱ्याचा स्टँड दगडधोंड्यांतही डगमगत नाही आणि चार पायांचं टेबल डगमगतं. म्हणूनच संगणकावरचे त्रिमितीय आकार, खेळांतली माणसं, डोंगर, गाड्या, सगळे शेवटी बारीक बारीक त्रिकोणांत मोडून काढले जातात. चार कोपऱ्यांचा तुकडा वाकू शकतो, मग तो नेमका कुठून जातो हे यंत्राला ठरवता येत नाही. त्रिकोणाला वाकताच येत नाही. खरी माहिती चौथा बिंदू देतो. पहिल्या तिघांशी तो सहमत आहे की नाही, यावरून आपण एका पातळीत आहोत की अवकाशात, ते कळतं. कागदावर काढलेला चौथा बिंदू मात्र मुकाट्याने बाकीच्यांमध्ये जाऊन बसतो. भाचीच्या उत्तरात हेच झालं होतं.

यावर उपाय आहे, आणि तो सुतारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फळीला पीळ पडलाय का हे बघायला सुतार फळीच्या दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवतो, खाली वाकतो, एक डोळा मिटतो आणि अलीकडच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून पलीकडच्या पट्टीकडे बघतो. दोन्ही कडा एकमेकींवर बरोबर बसल्या तर फळी सपाट. एकीचं एक टोक वर डोकावलं तर फळी पिळवटलेली, मग ती नुसत्या नजरेला कितीही सरळ वाटो. यात शुद्ध भूमिती आहे. प्रतलाकडे वरून पाहिलं तर ते पसरलेलं दिसतं. डोळा त्याच प्रतलात आणला की ते अख्खं मिटून एक रेघ होतं. तेव्हा चार बिंदू एकप्रतलीय असणं म्हणजे अशी एखादी जागा सापडणं, जिथून ते चारही एका रेघेत दिसतात. अशी जागा कुठेच नसेल, तर ते एकप्रतलीय नाहीत.

आम्ही क्लेचा घन केला. पट्टीने दाबून दाबून बाजू सपाट केल्या, कोपऱ्यांत रंगीत डोक्याच्या टाचण्या खोचल्या. तिने तो डोळ्यांसमोर धरला, एक डोळा मिटला आणि हळूहळू खाली आणला. अ, ब, क या तीन टाचण्या जवळ येत येत एका आडव्या रेघेत बसल्या. ल वरच राहिली. तिने घन गोल फिरवला, अ, ब, क रेघेतच राहिल्या आणि ल कुठूनही खाली यायला तयार नव्हती. “नाहीयेत,” ती म्हणाली. एवढंच. लाल पेनाचा ‘नाही’ आणि हा ‘नाही’ एकच शब्द, पण हा तिचा होता.

मग तिला चटक लागली. अ, ब, ल, व या चौघांना कुठलंच पृष्ठ जोडत नाही, म्हणून तिने आधी त्यांना नाकारलं होतं. डोळा फिरवल्यावर चारही टाचण्या एका तिरक्या रेघेत बसल्या, आणि घनाच्या पोटातून समोरासमोरच्या दोन कडांना धरून जाणारं एक प्रतल तिला सापडलं. अशी किती? आम्ही मोजायला बसलो. आठ शिरोबिंदूंतून तीन-तीन निवडायचे तर ५६ प्रकार होतात, पण बरीच त्रिकुटं एकाच प्रतलात पडतात. घनाची स्वतःची ६ पृष्ठं, समोरासमोरच्या कडांच्या जोड्यांची ६, आणि कोपरा कापणारी ८, ज्यांत तीनच शिरोबिंदू येतात. एकूण २०. पडताळाही लगेच होतो. पहिल्या बारांपैकी प्रत्येक प्रतलात चार शिरोबिंदू, म्हणजे चार-चार त्रिकुटं, ती झाली ४८. उरलेल्या आठांचं एकेक. बेरीज ५६. ज्या आकृतीत आपल्याला सहाच प्रतलं दिसतात, तिच्यात आणखी चौदा गुपचूप उभी असतात. मला ही बेरीज जुळताना दर वेळी खरोखर आनंद होतो.

शेवटी दोरा घेतला. दोन्ही हातांत ताणून धरलेला दोरा सरळ खाली ओढला की तो क्लेमध्ये एक प्रतल कापत जातो. ब या कोपऱ्याजवळच्या तीन टाचण्यांतून, म्हणजे अ, क, र यांतून, दोरा गेला आणि कोपरा सुटून आला. कापलेला भाग समभुज त्रिकोण. कडेला क्ले थोडा फाटला होता, दोऱ्याच्या ओरखड्यांच्या बारीक समांतर रेघा उमटल्या होत्या. दुसरा घन करून तीच दिशा धरून दोरा बरोबर मध्यातून नेला. ती म्हणाली होती, मोठा त्रिकोण येईल. अर्धे बाजूला केले तर आत षटकोन होता. तिने बोटाने बाजू मोजल्या, पुन्हा मोजल्या. तो दोरा सहा कडांच्या मध्यबिंदूंतून गेला होता. घनाला सहा पृष्ठं आहेत आणि प्रतल त्या प्रत्येकाला एकेका रेघेत छेदतं, म्हणून सहा बाजू. दोन प्रतलं रेषेत छेदतात हे चौकटीतलं वाक्य तिथे ओल्या क्लेवर सहा वेळा लिहिलेलं होतं.

सपाटपणाबद्दल मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र यंत्रशाळेतली आहे. आपण पट्टीने सपाटी तपासतो, पण पट्टी सरळ आहे हे कशाने तपासलं? जगातली पहिली सपाट वस्तू कशावर घासून सपाट केली? १८४०मध्ये ग्लासगो इथल्या एका विज्ञान संमेलनात जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने खऱ्या सपाट धातुपृष्ठांवर निबंध वाचला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी: दोन लोखंडी प्लेट रंग लावून एकमेकींवर टेकवायच्या आणि जिथे रंग लागेल तो उंचवटा खरवडत जायचं. दोन्ही तंतोतंत बसल्या तरी भरवसा नाही, कारण एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असू शकते. म्हणून तीन घ्यायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी, आणि त्याही फिरवून फिरवून. पहिली फुगीर असेल तर दुसरी खोलगट, मग तिसरी फुगीर, आणि दोन फुगीर एकमेकींवर बसणारच नाहीत. तिन्ही जोड्या जुळायच्या तर सपाट होण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. बाहेरचा कुठलाही नमुना लागत नाही, तिघींच्या आपसातल्या वागण्यातूनच प्रतल तयार होतं. हिल्बर्टने शब्दांत केलं ते इथे हातांनी होतं.

त्या फुलीबद्दल माझं मत अजूनही तेच आहे. शिक्षकांपुढे वह्यांची चळत असते, प्रत्येक उत्तराशी बोलत बसायला वेळ नसतो, हे मला दिसतं. त्यांचं उत्तर बरोबरही होतं. पण ‘कारण द्या’ असं म्हटलं आणि मुलीने कारण दिलं, तर त्या कारणाकडे एकदा पाहायला हवं होतं. ‘पानावरचे ठिपके आहेत, घनाचे कोपरे नाहीत’ एवढी ओळ पुरली असती. कागदावरचं एक चित्र अवकाशाबद्दल पूर्ण खरं सांगू शकत नाही, हे तिचं निरीक्षण नुसतं बालिश नाही. १७९५मध्ये गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसमध्ये भावी शिक्षकांपुढे जी भूमिती शिकवली, तिचा पायाच हा होता: एक चित्र पुरत नाही, समोरून एक आणि वरून एक अशी दोन लागतात, मग प्रत्येक बिंदूची जागा पक्की होते. घरांचे आणि यंत्रांचे आराखडे आजही तसेच काढतात. आमच्या घनाचं वरून चित्र काढलं तर ल बरोबर क वर जाऊन बसतो आणि वेगळा दिसतच नाही. समोरून काढलं तर अ, ब, क खालच्या रेघेत जातात आणि ल उंच उभा राहतो. दोन चित्रं शेजारी ठेवली की कागदावरही चौथा बिंदू बोलू लागतो.

परवा तिने दोन वह्यांचे कोपरे एकमेकांना टेकवून धरले आणि विचारलं, दोन प्रतलं अशी नुसती एका बिंदूत का भेटू शकत नाहीत? वह्या भेटतात, कारण त्या तुकडे आहेत. प्रतलं पुढे वाढत गेली की रेषेत छेदतात. पण ती ‘का’वर अडून बसली, आणि ते बरोबर होतं, कारण बाकीच्या गृहीतकांवरून हे सिद्ध होत नाही. ते वेगळं मांडावं लागतं, आणि त्याचा अर्थ असा, की आपल्या अवकाशाला तीनपेक्षा जास्त मिती नाहीत. चार मितींत दोन प्रतलं खरंच एका बिंदूत भेटतात. प्रत्येक बिंदू चार अंकांनी लिहायचा. ज्यांचे पहिले दोन अंक शून्य आहेत असे सगळे बिंदू घेतले की एक प्रतल झालं. ज्यांचे शेवटचे दोन शून्य आहेत त्यांचं दुसरं. दोन्हींत असायचं तर चारही अंक शून्य हवेत, आणि असा बिंदू एकच. तिने मागच्या पानावर चार-चार अंकांच्या ओळी लिहून पाहिल्या, दुसरा सामाईक बिंदू सापडेना. “मग तिथे चौथा बिंदू बाहेर गेला तरी काही नाही,” ती म्हणाली, “चार बिंदू आपल्यासारख्या एका अवकाशात मावतीलच. तिथे पाचवा बघावा लागेल.” पाचवाच बघावा लागतो. आता पाच बिंदूंतून तसली अवकाशं किती निघतात, ते ती मोजते आहे.